कासवाच्या पाठीवरचा हात

आमच्या आत्यांना रिकाम्या हातानं चालता येत नसे. झाडू, बादली, ओलं फडकं, नाहीतर एखाद्या पोराचं मनगट, हातात काहीतरी हवंच. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा नवऱ्यानं आपल्या थोरल्या बहिणीची ओळख करून दिली ती अशी, "ही ताई. हिनं मला वाढवलं. हिच्या हातात काही दिसलं नाही तर समजायचं, हिला ताप आलाय."

"आणि ह्याच्या हातात काही दिसलं," ताई म्हणाल्या, "तर समजायचं, मी दिलंय."

ते खरंच होतं. त्यांची आई गेली तेव्हा माझा नवरा रांगत होता आणि ताई शाळेत जात होत्या. त्यानंतर त्या शाळेत गेल्या नाहीत. वडील होते, पण असून नसल्यासारखे. ताईंनी आधी लोकांची भांडी घासली, मग इमारतींचे जिने झाडले, आणि भाऊ शाळेत जायला लागल्यावर बसस्थानकाच्या मोठ्या प्रतीक्षालयात सफाईच्या कामाला लागल्या. स्थळं आली होती म्हणे. प्रत्येक वेळी ताई एकच विचारत, "आणि हा कुठं राहील?" हळूहळू स्थळं यायची थांबली. त्याबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी कुरकुर ऐकली नाही. भाऊ कॉलेजात जाऊन नोकरीला लागला, तेव्हा तरी काम सोडा असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्यावर त्या म्हणाल्या, "आणि घरी बसून काय, तुमची तोंडं पुसू?"

आमच्या मुलीला आम्ही चिऊ म्हणतो. ती बोलायला लागली आणि "आत्या, आत्या" करत स्थानकभर फिरायला लागली, तसा तो शब्द तिथल्या सगळ्यांनी उचलला. चालक, वाहक, चहावाला, स्वतः स्थानकप्रमुख साहेब, सगळ्यांच्या त्या आत्या झाल्या. मीही इथं आत्याच म्हणते.

चिऊची बालवाडी दुपारी सुटायची आणि मी एका शाळेच्या कचेरीत संध्याकाळपर्यंत कामाला. बालवाडीची गाडी तिला स्थानकाच्या दारात आत्यांच्या हाती द्यायची. मग चौकशीच्या खिडकीजवळचा बाक म्हणजे चिऊचं घर. तिथं ती डबा खायची, चित्रं काढायची, आणि मी यायच्या आधी पुष्कळदा दप्तरावर डोकं ठेवून झोपलेली असायची. मी मुळात काळजी करणारी बाई. गॅस बंद केला की नाही ते बघायला अख्खा जिना परत चढून जाणारी. पण त्या बाकाची काळजी मी कधी केली नाही. तिथं आत्या होत्या.

आत्यांची एक पद्धत होती. पुसता पुसता त्या प्रतीक्षालयाच्या कुठल्याही टोकाला असल्या तरी मधेच हाक मारायच्या, "चिऊ!" आणि बाकावरून उत्तर यायचं, "ओ!" की पुन्हा फडकं चालू. नवखे प्रवासी दचकायचे, रोजचे हसायचे. भोंग्यावरून गाड्यांच्या वेळा सांगणारा चौकशीवाला, त्याला सगळे भोंगाच म्हणतात, कधीकधी चिऊच्या आधी स्वतःच माईकवरून "ओ!" द्यायचा आणि आत्यांची एक शिवी पदरात पाडून घ्यायचा.

एका वर्षी आत्यांबद्दल तक्रारी यायला लागल्या. खांबामागचा चहाचा डाग दिवसभर तसाच राहिला. बाकांखाली शेंगांची टरफलं राहिली. कुणाच्या तरी पायाला पाण्याची बादली लागली आणि आत्यांना कळलंच नाही. साहेबांनी बोलावून सांगितलं, "आत्या, हल्ली तुमचं लक्ष नसतं."

घरी येऊन आत्या तणतणल्या, "घाण करायला सगळं गाव आणि पुसायला मी एकटी! लक्ष नसतं म्हणे!"

आम्हाला ते पटलं. घरातही त्या आताशा सुईत दोरा ओवायला माझ्याकडे द्यायच्या. चहात एकदा साखर घातल्यावर पुन्हा घालायच्या. खुंटीवर टॉवेल अडकवताना भिंत चाचपायच्या. वय झालं, दमतात, असं म्हणून आम्ही सोडून देत होतो.

मग ते यंत्र आलं. कमरेएवढं उंच, करड्या रंगाचं, पाठ गोलसर. खाली फिरते ब्रश, पुढून पाणी सोडायचं, मागच्या रबरी पट्टीनं ते ओढून घ्यायचं. कुणी आडवं आलं की थांबायचं, "टुंग" करायचं आणि वळसा घालून पुढं जायचं. चिऊनं बघता क्षणी त्याचं नाव ठेवलं, कासव. दुसऱ्या दिवशी भोंग्यावरूनही तेच नाव गेलं, "प्रवाशांनी कृपया कासवाला वाट द्यावी."

पण लोकांचा त्याच्यावर काडीचा भरवसा नव्हता. ते जवळ आलं की आया पोरांना कडेवर उचलून घ्यायच्या. सामानावर लोक पाय ठेवून बसायचे. दुपारच्या गाडीला फार लवकर येऊन बसणारे एक आजोबा तर छत्री आडवी धरायचे, अंगावर येणाऱ्या कुत्र्यासमोर धरावी तशी. "माणूस चुकला तर त्याच्यावर ओरडता येतं," एक बाई मला म्हणाली होती, "ह्याच्यावर काय ओरडायचं?" फरशी लख्ख दिसायची, तरी चहावाला आपल्या टपरीपुढं पुन्हा स्वतः फडकं मारून घ्यायचा. म्हणायचा, "ज्याला नाक नाही त्याला घाण काय कळणार?"

ते यंत्र आल्यापासून आत्या जेवत नव्हत्या नीट. आता आपल्याला काढणार, हे त्या धरूनच चालल्या होत्या. साहेबांनी बोलावलं तेव्हा त्या कपाटातलं आपलं कपड्यांचं बोचकं घेऊनच त्यांच्या खोलीत गेल्या. तिथं काय झालं ते त्यांनी त्या संध्याकाळी हातवारे करून आम्हाला सांगितलं.

"आत्या, तुम्हाला काढत नाही हो. उलट तुमचीच गरज आहे. तुम्ही यंत्राच्या बाजूनं चालायचं, पाठीवर हात ठेवून."

"ढकलायचं?"

"छे! ते आपलं आपण जातं. नुसता हात. कुणीतरी माणूस बघतोय असं लोकांना वाटलं पाहिजे."

"आणि मी काय बघायचं?"

"तुम्ही काही बघायचं नाही. तुम्ही फक्त दिसायचं."

एवढं सांगून आत्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्या हसण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आत्या कासवाबरोबर चालायला लागल्या. निळा गणवेश, खांद्यावर कोरडं फडकं आणि डावा हात त्याच्या पाठीवर. भोंग्याला तर आयतंच मिळालं. "आत्या, आज जोडीनं कुठं?" तो खिडकीतून ओरडायचा. "शेवटी मिळाला म्हणायचा नवरा!"

"मिळाला," आत्या न थांबता म्हणायच्या, "आणि तुझ्यापेक्षा कमी बोलतो."

बघता बघता लोक निवांत झाले. आयांनी पोरांना खाली सोडलं. पोरं कासवाला थोपटायला लागली. छत्रीवाले आजोबा आधी छत्री मांडीवर घ्यायला लागले, मग बाकाला टेकवून ठेवायला, आणि पुढं पुढं तर पाय लांब करून घोरायला. कासव त्यांच्या चपलांना वळसा घालून जायचं. मी त्यांना एकदा म्हटलं, "भीती गेली वाटतं?"

"यंत्राचं काय खरं आहे?" आजोबा म्हणाले. "पण आत्यांचा हात आहे ना त्याच्यावर. त्या डोळ्यांत तेल घालून असतात."

तक्रारी थांबल्या. आत्यांनाही कामाचा नवा हुरूप आला. "जन्मभर वाकून चालले," त्या भावाला म्हणाल्या, "आता बघ बाबू, कशी ताठ चालते." खरंच ताठ चालत होत्या. मान वर, नजर समोर. त्या गर्दीतून वाट काढताना त्यांचा कुणाला धक्का लागत नसे. घरात मात्र उंबऱ्याला ठेचकाळायच्या. घरात दिवा मिणमिणता म्हणून मी मोठा दिवा आणून लावला.

एक दिवस शाळेतून लवकर सुटले म्हणून मी भर दुपारीच स्थानकावर गेले. आत्यांची गंमत करावी म्हणून काही न बोलता त्यांच्या वाटेत उभी राहिले, ओठांवर हसू घेऊन. कासव माझ्यापाशी येऊन थांबलं. टुंग केलं. आत्या थांबल्या. आम्हा दोघींत हातभराचं अंतर होतं, वरच्या झरोक्यातून स्वच्छ उजेड येत होता. आत्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि अगदी अदबीनं म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा हो बाई. पुसायचं आहे."

मी बाजूला झाले. कासव निघालं, त्या निघाल्या. माझं हसू तसंच तोंडावर राहिलं होतं, ते मला जाणवलं. मी मागून धावले.

"ताई, मी आहे!"

त्या दचकल्या, पण लगेच सावरल्या. "अगंबाई, आज लवकर? ऊन तोंडावर होतं बघ माझ्या."

ऊन त्यांच्या पाठीशी होतं.

"चिऊ कुठंय?"

"कुठं म्हणजे? तिथंच, बाकावर. आत्ताच ओ दिली की तिनं."

मी बाकाकडे बघितलं. दप्तर होतं. डबा उघडा होता. चिऊ नव्हती.

"चिऊ!" मी ओरडले.

"ओ!" उत्तर आलं, गोड, नेहमीसारखं. पण आलं ते बाहेरून, गाड्या मागं घेतात त्या फाटकाच्या बाजूनं. मी कशी पोचले आठवत नाही. चिऊ एका उभ्या गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसून फाडून टाकलेली तिकिटं गोळा करत होती. फ्रॉकच्या ओच्यात पुष्कळ जमली होती, म्हणजे ती पुष्कळ वेळ तिथं होती. चालक गाडीत चढून दार लावून घेत होता. "रंगीत रंगीत आहेत," चिऊ मला म्हणाली.

तिला काही झालं नाही. हे मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल. काहीच झालं नाही.

घरी जाताना त्या दोघी नेहमीसारख्या पुढं चालत होत्या, हातात हात घालून. आत्या चिऊला धरून नेतात असंच मी रोज समजत आले होते. त्या दिवशी नीट बघितलं. खड्डा आला की आधी चिऊ वळत होती, मग आत्या.

चिऊला शेजारी खेळायला पाठवून मी स्वयंपाकघरात आत्यांसमोर बसले. त्या भाजीच्या शेंगा सोलत होत्या, बोटांनी, मान भलतीकडे करून.

"ताई, तुम्हाला दिसत नाही."

"दिसतं की. लागतं तेवढं दिसतं."

"माझ्या हातात काय आहे?"

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाल्या, "काही नसेल. तू अशी फसवशीलच." माझ्या हातात चिऊचा लाल डबा होता.

मग त्या बोलल्या. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, तेव्हा त्यांना वाटलं स्थानकात दिवे कमी लावतात. मग समोरचंही धुरकटलं. माणसं म्हणजे नुसत्या सावल्या. डाग दिसायचे नाहीत म्हणून त्या सगळी फरशी दोनदा पुसायच्या, तरी राहायचे. "आता काढणार म्हणून बोचकं घेऊन गेले होते गं. आणि तो साहेब म्हणतो, हात ठेवून चाला. मला वाटलं, ह्याला सगळं कळलंय आणि हा माझ्यावर दया करतोय. पण त्याला काही कळलं नव्हतं. ते यंत्र थांबलं की मी थांबते, वळलं की वळते. तिथं मी कुणाला आंधळी नाही."

"आणि चिऊ?"

शेंगा सोलणारी बोटं थांबली. "ती ओ द्यायची गं," आत्या म्हणाल्या. "मला वाटायचं, ओ आली म्हणजे पोर आहे."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण पाळणा, बाटल्या, दुपारचा डबा, आजारपणं, माझं मूल निम्मं तर त्यांनीच वाढवलं होतं. त्याच बाईनं माझं मूल एका आवाजाच्या भरवशावर सोडलं होतं, आणि सगळं गाव त्या बाईच्या भरवशावर यंत्रासमोर पाय पसरून झोपत होतं.

"पोर माझ्याकडे ठेवू नकोस," त्याच म्हणाल्या. "ते बरोबर आहे. पण बाबूला सांगू नकोस. तो मला खाटेवर बसवील आणि हातात पाण्याचा पेला देईल. काम तेवढं राहू दे. त्या हॉलमध्ये मी कुणाचं वाईट करत नाही, यंत्र करू देत नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायचं, या अटीवर मी गप्प राहायचं कबूल केलं. डॉक्टर तरुण होत्या, मऊ बोलायच्या. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत, फार पुढं गेलेला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची, असं म्हणून त्यांनी थेंब लिहून दिले. बाहेर आल्यावर आत्यांनी विचारलं, "उरलेली म्हणजे केवढी गं?" मी म्हटलं, आहे थोडी. त्या म्हणाल्या, "पुरवून वापरू."

चिऊला मी शेजारच्या काकूंकडे ठेवायला लागले. नवऱ्यानं साहजिकच विचारलं, असं मधेच काय झालं? मी उत्तर शोधत होते तेवढ्यात आत्याच म्हणाल्या, "अरे बाबू, माझे पाय दुखतात हल्ली. पोरीच्या मागं धावणं होत नाही." झाकली मूठ आणखी घट्ट झाली. नवऱ्यानं नुसती मान हलवली. पण त्याच्या मनाला ते लागलं असणार. ज्या पायांनी आपल्याला वाढवलं ते दुखतात आणि आपण बघत बसलोय!

आठवड्याभरात एकदा तो जेवायला बसला तो फार खुशीत. "ताई, तुझं काम करून आलो," तो म्हणाला. "साहेबांना भेटलो. म्हटलं, आयुष्यभर उभी राहिली माझी बहीण, आता तिला बसून करायचं काम द्या. ते लगेच हो म्हणाले. म्हणाले, आता लोकांचा यंत्रावर विश्वास बसलाय, हाताची गरज नाही. सोमवारपासून तू सामानघरात. खुर्ची, पंखा, सगळं."

माझा घास हातात राहिला. मी आत्यांकडे बघितलं. त्यांना माझं बघणं दिसलं नसणार, तरी त्यांनी माझ्या दिशेनं हळूच मान हलवली. नाही.

"बरं केलंस रे," त्या भावाला म्हणाल्या. "पंखा आहे म्हणतोस?"

सोमवारी कासव एकटं फिरलं. साहेब मुद्दाम खांबाशी उभे राहून बघत होते, असं भोंग्यानं मला नंतर सांगितलं. कुणी मान वर केली नाही. कुणी पोर उचललं नाही. आजोबांनी झोपेत कूस बदलली. "बघा आत्या," साहेब सामानघराच्या खिडकीशी जाऊन म्हणाले, "तुमच्या हातानं जादू केली!" तो हात कुठं गेला, हे दिवसभरात एकाही माणसानं विचारलं नाही.

सामानघरात प्रवासी पिशवी ठेवतात, पिशवीला एक पत्र्याचा बिल्ला बांधायचा, त्याच आकड्याचा दुसरा प्रवाशाला द्यायचा. आकडे इंग्रजी, पत्र्यात ठोकून उठवलेले होते. आत्यांना तेवढं पुरलं. बोट फिरवून त्या आकडा ओळखायच्या आणि बिल्ल्याला बिल्ला जुळवून पिशवी काढून द्यायच्या. "आंधळ्याची बोटं चोराच्या बोटांपेक्षा हुशार," असं त्या मला कानात म्हणाल्या तेव्हा मलाही वाटलं, निभेल.

बिल्ले गोल होते. गोल बिल्ल्याला वर-खाली नसतं. सहा उलटा आला की बोटाला नऊ लागतो. म्हणूनच आकड्याखाली तांबड्या रंगाचा ठिपका दिलेला होता, डोळ्यांसाठी. बोटांसाठी काही नव्हतं.

एका घाईतल्या माणसाला आत्यांनी सहाच्या ऐवजी नऊची काळी पिशवी दिली. त्यानंही न बघता उचलली आणि गाडीत बसून गेला. थोड्या वेळानं नऊचा बिल्ला घेऊन एक बाई आली, बरोबर तिची म्हातारी आई. आईला शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं, फार दिवसांनी वेळ मिळाली होती, आणि सगळे कागद, फोटो, औषधं त्या पिशवीत. हाती आलेली पिशवी आपली नाही म्हटल्यावर त्या बाईचा तोल गेला. दोष नाही तिचा. ती खिडकीच्या गजांतून आत हात घालून ओरडली, "दिसत नाही का हो तुम्हाला?"

"नाही," आत्या म्हणाल्या.

भोंगा शेजारच्याच खिडकीत होता. तो म्हणाला, त्या ज्या आवाजात बोलल्या त्यानं त्या बाईचा आत घातलेला हात मागं आला. रडायलाच लागली. आत्या खुर्चीवरून उठल्या आणि गजांपर्यंत चाचपत आल्या, सगळ्यांसमोर. पिशवी दुसऱ्या दिवशी परत आली. डॉक्टरांची वेळ मात्र गेली ती गेलीच.

साहेबांनी माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं. त्याच्यासमोरच त्यांनी आत्यांना विचारलं, "म्हणजे यंत्राबरोबर चालत होतात तेव्हा?"

"तेव्हाही दिसत नव्हतं."

"मग गर्दीकडे बघत कोण होतं?"

"तेच. तुम्ही म्हणालात, मी काही बघायचं नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाणी मागवलं, आत्यांना दिलं, स्वतः प्यायले. मग दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे बाहेर कुठं बोलू नका. आत्ता कुठं लोकांचा विश्वास बसलाय." आत्यांची तब्येत बरी नाही, त्या घरी बसणार, एवढंच सगळ्यांना सांगायचं ठरलं.

 घरी आल्यावर नवरा चपलाही न काढता उभा राहिला. "मी पायांसाठी गेलो होतो," तो मला म्हणाला. पुन्हा म्हणाला, "मी तिच्या पायांसाठी गेलो होतो गं." आत्यांनी ते ऐकलं. "पाय चांगलेच आहेत माझे," त्या बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या. "जायला जागा नाही, एवढंच."

आता त्या खिडकीखालच्या खाटेवर बसतात. भावानं खरंच हातात पाण्याचा पेला द्यायला सुरुवात केली. मी त्यांना शेंगा सोलायला देते, कपड्यांच्या घड्या घालायला देते. घड्या वाकड्या होतात आणि त्या झोपल्या की मी पुन्हा घालते. ते त्यांना कळतं असं मला वाटतं, कारण हल्ली त्या घड्या घालायला मागत नाहीत. मधेच खाटेवरून हाक मारतात, "चिऊ!" चिऊ ओ देते. खेळात रंगली असली तर देत नाही. मग आत्या दुसऱ्यांदा हाक मारत नाहीत. मीच जिथं असेन तिथून उठते आणि चिऊ कुठं आहे ते बघून येते.

गेल्या आठवड्यात डोळे दाखवायला जायचं होतं म्हणून आम्ही तिघी स्थानकावर गेलो. आत्यांनी गणवेशाऐवजी साधं लुगडं नेसलं होतं आणि केस विंचरायला मला लावलं होतं. मी त्यांचा दंड धरला होता. दारातच त्या थांबल्या. "चहा सांडलाय कुठंतरी," त्या म्हणाल्या, नाक वर करून. मग कान टवकारले. कासव आमच्याच बाजूला येत होतं, ब्रशांची घरघर करत.

त्यांनी माझ्या हातातून दंड सोडवून घेतला. पुढं झाल्या आणि डावा हात कमरेच्या उंचीवर पुढं धरून उभ्या राहिल्या, तळवा खाली करून. कासव त्यांच्यापाशी आलं. थांबलं. टुंग केलं. आत्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता, त्या हसत होत्या. त्यांची बोटं त्याच्या पाठीपासून वीतभर दूर होती.

"ओ बाई," बाकावरून छत्रीवाले आजोबा ओरडले, "जरा बाजूला व्हा! त्याला जाऊ द्या!"

मी आत्यांना ओढणार तेवढ्यात कासव थोडं मागं सरलं, वळलं आणि त्यांना वळसा घालून निघून गेलं. त्यांच्या पायांभोवती ओल्या फरशीचा अर्धा गोल उमटला. घरघर लांब गेली.

"गेलं का?" आत्यांनी विचारलं.

"गेलं," चिऊ म्हणाली.

पुढं धरलेला हात त्यांनी हळूहळू खाली घेतला आणि पदराला पुसला, काही लागलेलं नसताना. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ती पिशवी दे इकडं. मोकळ्या हातानं चालवत नाही मला."

मी पिशवी दिली. तिच्यात थेंबांची बाटली होती, दुसरं काही नव्हतं. आत्यांनी ती बादली उचलावी तशी उचलली आणि आम्ही गाडीकडे निघालो.